मध्यंतरानंतरची गोष्ट

२ मार्च, सोमवार. सकाळ.
नातीच्या जुन्या वहीत कोरी पानं निघाली, म्हणून लिहायला घेतलं. चौथीपर्यंतचं शिक्षण आहे, पण अक्षर मोत्यासारखं. निदान मला तरी वाचता येतं.
राग आलाय. हॉलिवूडवाल्यांनी तो लाइटहाउसचा सिनेमा पुन्हा काढलाय. मागच्या वर्षी घोड्याचा पुन्हा काढला, त्याआधी जुळ्या बहिणींचा. एवढे पैसे, एवढी माणसं, आणि एक नवी गोष्ट सुचू नये? तीस वर्षं थिएटरच्या कॅन्टीनला होते मी. मला फसवणं सोपं नाही. सगळे सिनेमे बघून झालेत.
नातीला सिनेमाच्या कॉलेजात जायचंय. पुढच्या सोमवारी पाचच्या आत फॉर्म, सोबत स्वतःची गोष्ट. तिला काही सुचत नाहीये. सगळी नखं खाऊन संपवली पोरीने. म्हटलं, आज्जी कशाला आहे? संकल्प: रोज एक कोरी करकरीत गोष्ट सांगायची.

३ मार्च.
पहिली गोष्ट सांगितली. आंधळा इंजिन ड्रायव्हर. नातीने फोनवर बघितलं, तर असा सिनेमा आहेच म्हणे. माझ्या डोक्यातली गोष्ट त्यांना कुठून कळली, देव जाणे.

४ मार्च. दुपार.
दुसरी गोष्ट. नर्स आणि पळून आलेला राजा. तोही सिनेमा निघाला. सून म्हणाली, "आई, तुम्हीच हॉलिवूडला जा, तिथे जागा आहे." तिला विनोद फार सुचतात. भाजी मात्र रोज तीच.
नात म्हणाली, गंमत आहे, गोष्ट अर्धीच जुळते, पुढचं वेगळंच आहे. म्हटलं, अर्धी कॉपी म्हणजेही कॉपीच. सोडणार नाही त्यांना.

६ मार्च. संध्याकाळ.
काल गुडघा दुखत होता, म्हणून गोष्ट नाही. संकल्प मोडलेला नाही, विसावलाय.
आज नातीबरोबर नवा लाइटहाउस बघून आले. खुर्च्या इतक्या मऊ की माणूस बुडतो. पहिला भाग जसाच्या तसा. मध्यंतराची घंटा झाली आणि माझे पाय आपोआप उठून दाराकडे निघाले. नातीने हात धरून बसवलं.
पुढे सगळी वाट लावली. वादळात म्हातारा मरतो आणि संपलं. असं होतं का कधी? जुन्यात चोरांच्या बोटीने वाट चुकावी म्हणून म्हातारा स्वतःच मोठा दिवा विझवतो. मग त्याचा मुलगा परत यायला निघतो, तेव्हा गावातल्या सगळ्या बायका स्वयंपाकघरातले दिवे घेऊन किनाऱ्यावर रांगेने उभ्या राहतात. मी हे तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं. पुढच्या रांगेतला माणूस गप्प बसा म्हणाला. नंतर बायकोला विचारत होता, मुलगा पोचला का.

७ मार्च.
नातीला जुन्या शेवटाचा पुरावा हवा, म्हणून मशीनवाल्यांकडे गेलो. आमच्या थिएटरात वरच्या खोलीतून सिनेमा तेच चालवायचे. कान गेलेत, आठवण पक्की. म्हणाले, जुन्यातही म्हातारा मेलाच होता. मी म्हटलं, बायका, दिवे? त्यांनी उलट मलाच विचारलं,
"वहिनी, मध्यंतरानंतर तुम्ही कधी आत होता का?"
आता तीनशे कप कोण धुणार होतं? पण पाण्याच्या आवाजातही आत काय चाललंय ते मला बरोबर कळायचं. घरी येऊन पोरांना शेवटापर्यंत सांगायचे की.
परतताना नात जिन्यात थांबून म्हणाली, "आज्जी, ते दिवे तूच लावलेस."
म्हणजे तीस वर्षांचे सगळे शेवट माझे. आनंदाने दोन वेळा जेवले.

८ मार्च.
शेवटांची यादी केली. एक्केचाळीस निघाले. काम झाल्यातच जमा. आता फक्त सुरुवात हवी. सुरुवात म्हणजे काय, तासाभराचं काम. उद्या सकाळी बसते.

९ मार्च, सोमवार. सकाळी ८.
बसले.

सकाळी १०.
एक बाई असते.

११.३०
बाई अजून आहेच. पुढे सरकत नाही. डोक्यात येतं ते सगळं पाहिलेलं, मध्यंतरापर्यंत अगदी सविस्तर. हॉलिवूडवाल्यांचंही असंच होत असेल बिचाऱ्यांचं. राग जरा उतरला.

दुपारी ४.
एक वाजता नातीने माझ्या हातून पेन घेतलं आणि वेगळ्या कागदांवर स्वतःच भराभर लिहायला बसली. थिएटरच्या मागे कप धुणारी एक बाई, भिंतीपलीकडे सिनेमा. म्हटलं, अगं, हे कोण बघणार? निदान एक लाइटहाउस तरी टाक. ऐकलं नाही.
साडेतीनला मान वर करून म्हणाली, "आज्जी, शेवट सांग. बाई काय करते?"
एक्केचाळीस शेवट हाताशी. एकही बसेना. आणि घड्याळ धावतंय.
"कप धुते," म्हटलं.
तिने तेच लिहिलं, माझा गाल ओढला आणि फॉर्म नि कागद घेऊन पळाली. पोचेल, बस वेळेवर होती.
हा शेवट मात्र कुठल्याच सिनेमात नाही, लिहून देते. सून हाक मारतेय. दुपारचे कप तसेच पडलेत म्हणे.