दुसरा कप

चि. बाळ्या (पन्नाशी उलटली तरी),

अनेक आशीर्वाद. या बंदराच्या गावी यायचं ठरवलं एकत्र, प्रवास नि मुक्काम मात्र यथाशक्ति: तू गाडीने टेकडीवरच्या हॉटेलात, मी एसटीने मासळीबाजारामागच्या लॉजवर. तुझ्या गॅलरीतून समुद्र दिसतो आणि माझ्या खिडकीतून तुझी गॅलरी.

संध्याकाळी धक्क्यावर भेटलास की म्हणतोस, "हिचं डोकं दुखतंय गं ताई, खोलीत पडून आहे." मी मान डोलावते. पण गॅलरीत चहाचे दोन कप येतात आणि दोन्ही तूच पितोस. दुसऱ्या खुर्चीवर तुझा ओला टॉवेल पडलेला असतो. भावजय तिथे असती, तर तो टॉवेल घटकाभरही टिकला नसता.

ती सोबत आलीच नाही. का, ते विचारत नाही. या वयात प्रश्नांचाही शीण येतो.

हे पत्र तुला देणार नाही, उगाच ओशाळशील. उद्या सकाळी बॅग घेऊन सरळ वर येते. "लॉजमध्ये ढेकूण झालेत रे," असं सांगेन. इथे ढेकूण औषधालाही नाही. तू म्हणशील, "घ्या! आणखी राहा स्वस्तात!" पोटभर हसून घे. तोवर मी टॉवेल उचलून त्या खुर्चीत बसेन.

तुझी ढेकूणग्रस्त,
ताई