होडी अख्खी खाली न्यावी

मी, इवानागा फुमिए, वय एक्क्याऐंशी, कै. इवानागा योशिओ यांची पत्नी, राहणार निशिनोसाका, वरची आळी, नागासाकी, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायचं तर आधी इथवर पायऱ्या चढून यावं लागतं, आणि तेवढी हौस माझ्या नातेवाइकांत कोणाला नाही.

हे माझं दुसरं मृत्युपत्र. पहिलं गेल्या वर्षी मी स्वतःच्या हाताने, एक डाग न पाडता लिहिलं होतं. शेवटी तारखेच्या जागी ‘जून महिन्यातील शुभ दिवशी’ असं लिहिलं, कारण लग्नपत्रिकेपासून देवळातल्या कंदिलापर्यंत आमच्याकडे असंच लिहितात. वकिलाने सांगितलं, शुभ दिवस ही काही तारीख नव्हे, सबब कागद बाद. म्हणून या खेपेला नोटरी मोरिउची साहेबांना घरी बोलावलं आहे. ते ओसाकाचे, इथे नवीन आहेत. ते मघापासून म्हणताहेत, “बाई, मालमत्तेपुरतं सांगा, बाकीचं कशाला?” मी त्यांना म्हटलं, एवढे चढून आलात ना, मग आता चहा घ्या आणि ऐका.

कलम पहिले. घर.

हे घर दोन मजली आहे. वर मी राहते, खालचा मजला भाड्याने दिलेला आहे. मागचे भाडेकरू गेले तेव्हा दलालाने काचेवर चिठ्ठी लावली होती: ‘मुलाबाळांच्या कुटुंबांना सोयीची, डोंगरउतारावरची शांत वसाहत. बंदराचा देखावा.’ मी त्याला म्हटलं, “पायऱ्यांचं लिही.” तो म्हणाला, “आजी, पायऱ्यांचं लिहिलं तर देखावा बघायला फक्त घारी येतील.” मग माणसं यायची, पायथ्याशी उभी राहून मान वर करायची आणि तिथूनच परत जायची. काही जण वर पोचायचे, पण माझ्या ओट्यावर पाणी पिऊन झालं की त्यांना अचानक आठवायचं की शाळा लांब पडेल.

उराकावा मिसातो आली तेव्हा तिच्या पाठीवर तान्हं मूल होतं आणि हातात माझ्या तांदळाची पिशवी होती. नोटरी साहेबांसाठी सांगते. पायथ्याशी भाजीच्या दुकानाबाहेर एक बाक आहे. वरच्या घरांचं सामान टपालवाले, दुकानदार तिथेच ठेवून जातात, आणि जो कोणी वर चढेल त्याने हाताला येईल ते घेऊन चढायचं, मग ते कुणाचं का असेना. रिकाम्या हाताने वर यायचं नाही, हा आमच्या आळीचा नियम आहे आणि माझ्या भाडेकरारातही तो लिहिलेला आहे. मिसातोने तोवर करार पाहिलासुद्धा नव्हता. तिने दुकानात विचारलं, “ही पिशवी कुणाची?” आणि उचलली. खोल्या दाखवायच्या आधीच मी होकार दिला.

तेव्हापासून माझी एक दुपार शांत गेलेली नाही. मिसातोला आता तीन मुलं आहेत. जिथे चार पावलं सपाट जमीन नाही तिथे त्या मुलांना सायकल आहे. चेंडू हातातून सुटला की बंदराच्या रस्त्यावर जाऊन थांबतो आणि मग तिघांपैकी कोण जाणार यावर माझ्या खिडकीखाली भांडण. गाद्या वाळत घालायला माझंच कॅमेलियाचं झाड लागतं. शोहेइ, म्हणजे मिसातोचा नवरा, कचरा हटकून चुकीच्या दिवशी खाली ठेवतो, कावळे तो सगळ्या पायऱ्यांवर पसरतात, आणि मग तो मलाच विचारतो, “आजी, आज कुठला कचरा होता?” सात वर्षं मी त्याला हेच सांगते आहे. शांत वसाहत म्हणे.

तर हे घर, खालचा-वरचा मजला, अंगण आणि कॅमेलियासकट, मी उराकावा मिसातोला देते. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती कपडे घडी करत होती. म्हणाली, “घर नको आजी. भाडं तेवढं वाढवू नका.”

“मेल्यावर कशी वाढवीन गं?”

“तुमचा काही नेम नाही.”

नंतर ती बराच वेळ एकाच पंच्याची घडी घालत बसली. तिला वाटलं मी बघत नाहीये.

घराबरोबर दोन अटी आहेत. एक, माझ्यामागे वरचा मजला अशाच कोणाला तरी भाड्याने द्यावा जो पहिल्यांदा बघायला येताना हातात कोणाचं तरी सामान घेऊन येईल. मुलं असली तर उत्तम, त्रास तिलाही कळू दे. रात्रीच्या हिशोबाने प्रवाशांना कधीही देऊ नये. दुसरी अट चौथ्या कलमात आहे आणि माझ्या लेखी तीच मोठी आहे.

कलम दुसरे. माझा भाचा केनतारो.

केनतारो फुकुओकाला असतो. गाठीचं कळल्यावर भेटायला आला. वाटेत तीनदा बसला आणि बाकावर माझं सामान पडलेलं असताना दोन्ही हात हलवत वर आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, “आत्या, खाली बंदर, वर आभाळ. बाहेरची माणसं एका रात्रीचे किती देतील, अंदाज आहे तुला?”

मी विचारलं, “आणि खालची मंडळी?”

“त्यांना सपाटीवर झकास फ्लॅट मिळेल. मुलांनाही बरं.”

“आणि मी गेल्यावर माझी होडी बंदरापर्यंत कोण नेणार? तुझे पाहुणे?”

“होडी?” तो म्हणाला. “अगं, हल्ली ते सगळं कंत्राटावर करून देतात.”

याला लहानपणी मी खांद्यावर बसवून होड्या दाखवल्या आहेत.

केनतारोला मी पायथ्याची मोटार लावायची जागा देते. या गावात डोंगरावरच्या घराला कोणी विचारत नाही, पण खालच्या मोटारीच्या जागेवर लोक टपून असतात, तेव्हा अन्याय झाला असं त्याने म्हणू नये. माझ्या सगळ्या मालमत्तेतली त्याने आजवर वापरलेली तेवढीच एक वस्तू आहे.

कलम तिसरे. हत्यारं.

योशिओचे रंधे, पटाशा, हातोड्या आणि लहान करवती शोहेइला. त्याला त्यांतलं काही नीट धरता येत नाही, पण तो निदान वापरून झाल्यावर पुसून ठेवतो. मोठी करवत मात्र कोणालाही देऊ नये. गंजू द्यावी. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम चौथे. होडी, आणि कुसानो तेत्सुजी.

ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, त्या घराने ऑगस्टच्या पंधराला होडी काढायची. गेलेल्याचा फोटो होडीत ठेवायचा, कंदील लावायचे, फटाक्यांच्या माळा लावत आणि झांजा वाजवत ती रस्त्यांतून बंदरापर्यंत न्यायची. आमची माणसं तशी पैलतीरी पोचतात. गुपचूप कोणी जात नाही.

योशिओ जहाजाच्या गोदीत सुतार होता. तो गेला त्या उन्हाळ्यात त्याचे सगळे दोस्त जमले आणि म्हणाले, होडी आम्ही बांधणार. माझ्या अंगणात सावली होती आणि बियर थंड होती, म्हणून इथेच बांधली. सुंदर बांधली, यात वाद नाही. जन्मभर जहाजं बांधलेली माणसं ती. पण होडीची रुंदी मोजताना पायऱ्यांचीही मोजावी, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. पंधरा तारखेला दुपारी ‘दोऽइ, दोऽइ’ करत उचलली ती थेट वळणापर्यंत गेली आणि अडकली. त्या वळणावर कुसानोच्या फाटकाचा दगडी खांब पायऱ्यांत घुसलेला आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खांब.

सगळ्यांनी त्याला विनवलं. कोणी म्हणालं, आम्ही उद्या परत बसवून देतो. कुसानो फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, “हा खांब माझ्या बापाने बसवलाय. तो हलणार नाही.” योशिओबरोबर वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी शोगीचा पट मांडून बसणारा, माझ्या हातची लोणची वाटीवाटीने नेणारा हा माणूस.

शेवटी मोठी करवत आणली. योशिओच्याच करवतीने योशिओची होडी मधोमध कापली, दोन तुकडे खाली नेले आणि रस्त्यावर दोरखंडाने बांधले. सगळ्या गावासमोर ती अर्धी उजवीकडे आणि अर्धी डावीकडे चालत होती, आणि फोटोतला योशिओ तिरका होऊन पेट्रोलपंपाकडे बघत होता. लोक हसले. मी त्यांना दोष देत नाही, दुसऱ्याची असती तर मीही हसले असते.

त्या दिवसापासून बारा वर्षं मी कुसानोशी बोललेली नाही. तोही कमी नाही. आळीतल्या सगळ्यांचं सामान तो दारापर्यंत पोचवतो, पण माझी पिशवी माझ्या फाटकाच्या एक पायरी खाली ठेवून जातो. पाऊस असला तरी तिथेच. नियम मोडत नाही आणि पायरीही चढत नाही. असला हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आरशात मी रोज बघते.

म्हणून मिसातोला घराबरोबरची दुसरी अट अशी: माझी होडी काढावी. साधी चालेल, लहान चालेल, फटाके मुलांनी हवे तेवढे उडवावेत, आयुष्यभर मी त्यांना गप्प बसवलं ते व्याजासकट फेडून घ्यावं. पण होडी कापू नये. वळणावरून जाईल एवढीच अरुंद बांधावी. मुलाच्या बाबागाडीएवढी झाली तरी हरकत नाही. मला अख्खं जायचं आहे.

कलम पाचवे. साक्षीदार.

नोटरी साहेब म्हणाले, दोन साक्षीदार लागतील, आणि ज्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार आहे तो साक्षीदार चालणार नाही. आळीत उरलेल्या प्रत्येकाला मी काही ना काही देऊन बसले आहे. कोणाला भांडी, कोणाला मोगऱ्याची कुंडी; ती यादी सोबत जोडली आहे. एक भाजीवाली हामाझाकी सातोको राहिली, तिने आधीच सांगितलं होतं की मला काही देऊ नका, ठेवायला जागा नाही. दुसरा कोण, असा विचार करता लक्षात आलं की ज्याला मी जन्मात काही देणार नाही असा एकच माणूस आहे. सातोकोच्या हाती निरोप पाठवला: बुधवारी सकाळी या, सही करा आणि जा. बारा वर्षांत पहिल्यांदा कुसानो माझ्या उपयोगी पडणार होता.

कलम सहावे. हे आज सकाळी, सह्यांच्या आधी घातले आहे.

नोटरी साहेब आत आले ते बूट झटकत. म्हणाले, “वळणावर सगळा दगडांचा चुरा पडलाय, कोणीतरी खांब पाडलेला दिसतो. येणाऱ्यांना जपून यायला सांगा.”

मला वाटलं ते दुसऱ्या कुठल्या खांबाबद्दल बोलताहेत. तेवढ्यात सातोको आली आणि तिच्यामागे कुसानो. पँट गुडघ्यापर्यंत पांढरी, हाताला फडकं बांधलेलं. माझ्या तांदळाची पिशवी त्याने आणली होती आणि ती त्याने सरळ माझ्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मग उंबऱ्याशी येऊन बसला, तोंड अंगणाकडे करून.

मी म्हटलं, “मी अजून मेलेली नाही.”

“दिसतंय,” तो म्हणाला.

“मग एवढी घाई कसली?”

“माझ्या कमरेला विचारा, वहिनी. पुढच्या वर्षी मला घण उचलला गेला नसता.”

मी त्याच्यापुढे चहा ठेवला, असं लिहा.

मग तो म्हणाला, “बारा वर्षं त्या फाटकातून जातोय-येतोय. रोज तो खांब बघायचा. योशिओ असता तर हसला असता, म्हणाला असता, तेत्सु, एवढ्याशा दगडासाठी.” आणि फडक्याने नाक पुसलं. “या वेळी कापायची नाही. हवी तेवढी रुंद बांधू दे पोरांना.”

खरंतर आता त्याला काहीतरी द्यावं असं माझ्या मनात आहे. योशिओचा शोगीचा पट आहे, तो दुसऱ्या कोणाकडे जावा असं मला वाटत नाही. पण दिला तर तो साक्षीदार राहत नाही, आणि त्याच्याऐवजी दुसरा माणूस आज या डोंगरावर आणायचा कुठून? बारा वर्षं द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही, आज द्यायचं आहे तर कायदा आडवा येतो. मी नोटरी साहेबांना विचारलं, “होडीचं पुढचं टोक धरणं, हा लाभ धरतात का?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचार करून ते म्हणाले, “नाही. ती हमाली आहे.”

तर मी लिहून ठेवते की, माझ्या होडीचं पुढचं टोक कुसानो तेत्सुजी याने धरावं, आणि वळणावर पाऊल जपून टाकावं. त्याला या मृत्युपत्रान्वये दुसरं काहीही मिळत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावला, आणि तो माझाच आहे.

इवानागा फुमिए (मोहोर)

साक्षीदार:
१. हामाझाकी सातोको, भाजी दुकान, पायथा, निशिनोसाका (मोहोर)
२. कुसानो तेत्सुजी, वळणावरचं घर, निशिनोसाका (मोहोर आणायला विसरले म्हणून घरी जाऊन आले, येताना बाकावरचं सामान घेऊन आले) (मोहोर)

समक्ष: मोरिउची, नोटरी

स्थळ: निशिनोसाका, वरची आळी, नागासाकी
दिनांक: रेइवा सातवे वर्ष, जून महिन्याची अठरा तारीख, बुधवार. दिवस शुभ आहे की नाही ते मी पाहिलेलं नाही.