पूजेतला मीटर

१९ सप्टेंबर

विश्वासराव म्हणजे थोर माणूस! शिंदे की छावनी या आमच्या मोहल्ल्यातल्या परीक्षा केंद्राचे मालक, माझे साहेब. एप्रिलमध्ये ट्रान्सफॉर्मर जळाला, तीनशे मुलं धुरातून जिन्याने पळाली — आणि यांना पुन्हा तसलाच हवाय! तो येईपर्यंत जनरेटरवर भागवायचं.

मी म्हटलं, कॉम्प्युटर, यूपीएस, एलईडी करंट तुकड्यातुकड्यांनी ओढतात. त्या हार्मोनिक्सने साधा ट्रान्सफॉर्मर पुरता भरायच्या आधीच तापतो. ते सोसणारा, के-फॅक्टरचा घ्या.

"बेटा, ट्रान्सफॉर्मर तो ट्रान्सफॉर्मर होता है."

झालं! चार वर्षं इंजिनियरिंग उगाच केलं.

२२ सप्टेंबर

मी असताना लोड मोजायला बोलावलं कोणाला? माझ्याच बाबांना! गिरणीतले रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. आले जुना क्लॅम्प मीटर घेऊन — तोच, दर खंडेनवमीला झेंडूची माळ घालून पूजेत बसणारा. देवच तो, त्याला कोण विचारणार?

त्याच्यावर लोड ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या साठ टक्के. माझ्या नव्या मीटरवर नव्वद.

"भालचंद्ररावांचा मीटर खानदानी आहे," विश्वासराव बाबांची पाठ थोपटत म्हणाले. मीटरलाही खानदान असतं, आज कळलं.

२३ सप्टेंबर

बाबांना तासभर समजावलं. जुन्या काळच्या मोटरी-बल्बांचा करंट तो मीटर बरोबर मोजतो, हा तुटका करंट कमी दाखवतो. बाबा पेपर वाचत होते. तासाभरात पान उलटलं नाही.

२६ सप्टेंबर

साठ टक्क्यांच्या कागदावर बाबांनी सही केली! साधा ट्रान्सफॉर्मर ठरला. ऑर्डर नवमीच्या मुहूर्तावर — मुहूर्त बघितला की वायर तापत नाही बहुतेक.

दिवाळीनंतर भरतीची परीक्षा आहे. पुन्हा तीनशे मुलं, तोच एक जिना. कोणी भाजलं तर? बाबांचा इतका राग कधीच आला नव्हता. बोलणं बंद. जेवताना मी फक्त "भाजी वाढू?" विचारते, एवढंच.

३० सप्टेंबर

विश्वासरावांनी नव्या ट्रान्सफॉर्मरचे पेढे आगाऊच वाटले. मी खाल्ला नाही. बरं, एक खाल्ला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजेत बाबांचा मीटर नाही. माझा आहे, हळदकुंकू लावलेला! विचारलं.

"मोजलं त्या पहिल्याच दिवशी न्यूट्रलची वायर चटका देत होती गं. साठ टक्के लोडवर ती इतकी तापत नाही. तू बरोबर आहेस, तेव्हाच कळलं. साहेबांना खोटं पाडलं तर तुझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. पण त्या मुलांचं काही झालं तर?"

सकाळीच विश्वासरावांकडे जाऊन लिहून देऊन आलेत — माझं माप चूक, पोरीचं बरोबर.

साध्या ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर रद्द. माझी नोकरीही.

जेवताना मी बाबांना "भाजी वाढू?" म्हटलं आणि रडूच आलं.