चढाला निजणारा वाइपर

२१ सप्टेंबर १९४४
आज पहाटे प्रवासी गाडीच्या पुढच्या काचेला बाहेरून तंबाखू चोळली. पाथर्डीच्या स्टँडावरचा चहावाला म्हणाला, "ड्रायव्हरदादा, गाडीला मिसरी लावता का?" हसून घेतलं.
करंजी घाटात पावसानं गाठलंच. पहिल्या वळणाला वाइपर थांबला. तंबाखूनं पाणी थोडं पसरतं, एवढंच. डोकं खिडकीबाहेर काढून चढ चढत होतो. दुसऱ्या वळणावर काचेपुढं एकदम बैलाची शिंगं. ब्रेक लागला. हातभर अंतर राहिलं. गाडीवान शिव्या देत होता, मी ऐकून घेतल्या. मागं बायका, लेकरं. ती शिंगं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

२२ सप्टें.
नगरला गाडीच्या मालकांना पुन्हा समजावलं. वाइपर विजेवर नाही, इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन हवा ओढतं, रबरी नळीतून ती ओढ काचेपर्यंत येते, पातं हलतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडला की ओढ जास्त, पातं पिसाळल्यासारखं नाचतं. चढाला पाय दाबला की ओढ संपते, पातं जागीच मरतं. त्यात लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही म्हणून गाडी कोळशाच्या गॅसवर. गाडीला दम नाही, अख्खा घाट पाय तळाला.
मालक म्हणाले, "शांतवन, गाडी जोरात काढ, वाइपर जोरात चालंल. तुझा पायच भित्रा."
अगदी उलटं आहे हो! किती वेळा सांगू? पात्याचं आणखी एक नवं रबर हातात दिलं. या पावसाळ्यातलं तिसरं.

२४ सप्टें., रविवार
चर्चमध्ये उपासनेला गेलो. पाळकसाहेब बोलत होते, माझं लक्ष कौलांवरच्या पावसाकडं. उताराला नाचायचं आणि चढाला निजायचं, हा स्वभाव माणसांतही पुष्कळ पाहिला. माझ्यातही असेल.
घाटाखाली रोज मनात प्रार्थना करतो. आज वाटलं, काच पुसायचं कामही देवावर टाकणं बरं नव्हे.

२६ सप्टें.
नळी काढून टाकली. पात्याच्या उजव्या अंगाला जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली, डाव्या अंगाला दोरी. दोरी डाव्या खिडकीतून आत. ओढली की पातं येतं, सोडली की ट्यूब परत नेते. झकास चालतं. फक्त पुढच्या सीटवरच्यानं ओढत राहायला हवं.
पुढची सीट मालकांच्या माणसांची. आबासाहेब, मालकांचे मेहुणे, रोज तिथंच. त्यांनी दोनदा ओढली आणि दोरी टाकून दिली. "मी काय पंखेवाला आहे का रे?"
मागून कासाबाई ओरडली. ती तिसगावहून भाजी घेऊन नगरला जाते. "दादा, म्या वडते की! हिरीचं पानी वडून हात दगडाचं झाल्यात."
आबासाहेब म्हणाले, "भाजीवाली पुढं बसणार?"
मी गप्प बसलो. चढ पुन्हा डोकं बाहेर काढून चढलो. कान पाण्यानं भरला, अजून ठणकतोय. गप्प बसल्याची लाज त्याहून जास्त.

२७ सप्टें.
मालक संतापले. "माझ्या मेहुण्याला दोरी वडायला लावतोस? बाजारकरणी पुढं बसलेली दिसली तर गाडी दुसऱ्याकडं देईन."
घरी सांगितलं. बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "नोकरी गेली तर बघू. पण गाडीखाली कुणी आलं तर तुम्ही जेवाल का?" अर्धी भाकरी खाऊन उठलो.

२८ सप्टें.
कोरडं. सगळे खूश. मालक म्हणतात, "बघ, चालली ना गाडी?" कपाळ माझं.

३० सप्टें.
हस्त बरसतोय. घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी केली. "आबासाहेब, दोरी ओढता का?"
"नाही."
"मग मागं बसा."
"मालकांना विचारलंस?"
"नाही विचारलं."
मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. मागून लोक ओरडायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "आवो पावनं, उठा की, का घाटातच मुक्काम करायचा?" आबासाहेब उठले. धोतर सावरत मागं गेले, तिथं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जागा होती.
कासाबाई पुढं आली. पदर खोचला, दोरी मनगटाला गुंडाळली. ओढ, सोड. ओढ, सोड. काच स्वच्छ. मधल्या वळणावर पावसात थांबलेली बैलगाडी लांबूनच दिसली, सावकाश बाजूनं काढली. बाई म्हणाली, "दादा, त्यो तुमचा जुना वाइपर माज्या दाल्ल्यासारका दिसतो. काम निगालं की निजायचं." सगळी गाडी हसली. मीही.
नगरला आबासाहेब उतरले ते तडक मालकांच्या पेढीवर. मी स्टँडावर गाडीतच बसून हे लिहितोय. बोलावणं अजून आलेलं नाही. कासाबाईला सांगून ठेवलंय, परतीलाही पुढंच बसायचं.