दाब्या आणि फुगव्या

ती. दाजींना साष्टांग नमस्कार (कागदावरच, कंबर धरली आहे).

ताईच्या शिलाई मशीनचं पायडल, तुमच्या फडताळाची दारं, आमच्या घराची घंटा आणि ऑफिसातले 'दाब्या' व 'फुगव्या' हे दोन प्रोग्राम मी स्वतःच्या हातांनी केले, कोणत्याही क्लासची पायरी न चढता. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला असेल.

ज्याच्या गार खोलीत तुम्ही निवृत्तीपर्यंत स्वेटर घालून बसलात, ते आपलं मेनफ्रेम, ऑफिसातलं कपाटाकपाटांचं कॉम्प्युटरचं धूड, मोडीत निघालं. त्यातल्या फायली टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरवर न्यायच्या होत्या. फायली अजस्र आणि जोडणारी तार मुंगीच्या चालीची. साहेब म्हणाले, "बाजारातला प्रोग्राम आणू." मी म्हटलं, "घरात सुतार असताना खुर्ची विकत आणायची?" आणि दाब्या कामाला लावला. (दाब्या फायलीतली रिकामी जागा पिळून काढतो, फुगव्या ती जिथल्या तिथे परत घालतो. सांगायला एक वाक्य, करायला माझी उमेदीची वर्षं.) सगळं दाबलं, सगळं पोचलं, एक अक्षर सांडलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली, भंगारवाल्याने मेनफ्रेम उचललं. मग टायपिस्टबाई म्हणाल्या, "आता उघडून दाखवा की."

दाजी, मी काटेकोर माणूस. सगळ्या फायली दाबायच्या म्हटल्यावर मी सगळ्या दाबल्या. फुगव्या हीसुद्धा फाईलच. तोही आत आहे, नीट घडी घालून. बाई म्हणाल्या, "म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप!" मी त्यांच्याशी बोलणं सोडलं आहे.

बाकी इकडे सर्व ठीक.

तुमचा मेहुणा

ता. क. ताईच्या फडताळात डब्यांखाली मी अंथरून दिलेले हिरव्या पट्ट्यांचे रुंद कागद अजून आहेत ना? तोच फुगव्या, छापलेला. दुसरी प्रत नाही. हलक्या हाताने सोडवून पाठवा, मी इथे पुन्हा टाइप करीन. तेलाच्या डागाखाली अक्षर दिसत नसेल, तर अंदाजाने काही लिहू नका.

आणखी एक. ताई म्हणेल, "दिलेलं परत मागतोस, लाज नाही?" तिला सांगा, एक तारखेला ज्यांची पेन्शन निघते त्यांची यादी आतच आहे. त्यात तुमचंही नाव आहे.

आणि हे ताईला सांगू नका. गेल्या वर्षी एक कंपनी फुगव्याची फक्त एक प्रत आपल्या कपाटात ठेवायला मागत होती. मी म्हटलं, माझ्या हातचं बाहेर जाणार नाही. चाळीस हजार देत होते.