चौपट दाणे, अर्धी शंका

माय, आज वर्गात मी इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. झालं असं, की बी.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्राचा गृहपाठ म्हणून मी घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला सांगितली होती. बियाण्याच्या कट्ट्यातले, पोत्यातले, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवडाभर सावलीत ठेवायचे, किती उगवले ते मोजायचं आणि त्यावरून अख्ख्या कट्ट्याबद्दल काय म्हणता येईल ते गणितानं काढायचं. आज सगळ्यांनी आपापल्या गुंडाळ्या टेबलावर सोडल्या. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून येणारी एक मुलगी आहे, तिचा एकूण एक दाणा उगवलेला. पोरांनी टाळ्या पिटल्या आणि मी हसत सुटले. विचारलं, दाणे कोणी काढून दिले? तर म्हणे आईनं, सुपात घेऊन, एकेक बघून. कॉलेजात न्यायचे होते ना, मॅडम. तेव्हापासून तू डोक्यातून हलायचं नाव घेत नाहीस. घरी आल्यावर चहासुद्धा टाकला नाही, आधी लिहायला बसले.

आपल्या घरातला तो उन्हाळा तू काही विसरली नसशील. आदल्या हंगामात तू बांधालगतची, धुऱ्याकडची चार तासं, सोयाबीनच्या चार ओळी, बियाण्यासाठी राखली होतीस आणि ती मळणी यंत्रात घालू दिली नव्हतीस. यंत्रानं दाण्याचं टरफल दुखावतं म्हणून काठीनं हलक्या हातानं बडवून काढलंस, आणि ते कट्टे एकावर एक रचू दिले नाहीस. बाबा तुझी थट्टा करायचे की हिचं सोयाबीन पाहुण्यासारखं वेगळं बसतं. त्यांना कृषी केंद्रातली लेबल लावलेली बियाण्याची बॅगच हवी होती. तुझं काय पणाला लागलंय, ते मला कळत होतं. तुझे कट्टे त्या वर्षी वावरात गेले नसते तर ते अनसिंगच्या व्यापाऱ्याकडे तेलासाठी गेले असते, आणि त्या घरात पेरणीच्या गोष्टीत पुन्हा कोणी तुला विचारलं नसतं.

मी तेव्हा वाशीमला कॉलेजात शिकत होते, आणि नेमका तेव्हाच आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी हाच गृहपाठ आम्हाला दिला. मी एसटीतून उतरले ती पळतच घरी आले. बाबा म्हणाले, चला, आता कॉलेजच सांगेल. सत्तरच्या वर उगवलं तर हिचं बी, नाही तर बॅग. तू लगेच सूप घेऊन दारात बसलीस. मी अभ्यासात गर्क, तू दाणे मोजून दिलेस, मी गुंडाळले. शंभरात सत्त्याण्णव उगवले! तू गल्लीभर सांगून आलीस आणि बाबा त्या दिवशी जेवताना मान वर करेनात. दुसऱ्या दिवशी वाशीमला सरांना वही दाखवली. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं की दाणे घेतले कसे. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. सर म्हणाले, "हा तुमच्या कट्ट्याचा नमुना नाही, तुमच्या आईच्या नजरेचा नमुना आहे. पुन्हा करा." सगळ्या वर्गासमोर. घरी येऊन तुझ्यावरच भडकले, की तू निवडून काहून दिलेस. तू शांतपणे भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "मंग कॉलेजात काय फुटकं पाठवू? लोक काय म्हनतीन?" संख्याशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात 'लोक काय म्हनतीन'चा धडा नव्हता.

दुसऱ्या खेपेला मी तुला हात लावू दिला नाही. डोळे मिटून कट्ट्याच्या वरून, मधून, तळातून मुठी काढल्या आणि येतील तसे शंभर दाणे गुंडाळले. तू दारात उभी राहून बघतेस, आणि एखादा चपटा दाणा फडक्यावर पडला की तुझा हात नकळत पुढे येतो. मी तो दर वेळी मागे ढकलते. त्या आठवड्यात तू माझ्याशी तुटक बोललीस, कारण तुला वाटत होतं मी तुझं बियाणं बदनाम करायला निघालेय. गुंडाळी सोडली तर शहात्तर. सत्तरच्या वर! तू पदर तोंडाला लावून हसलीस. मी मात्र वही उघडून गणित केलं. शंभरच दाणे पाहिलेत, त्यामुळे अख्ख्या कट्ट्याचा खरा आकडा अडुसष्टच्या आसपासपासून चौऱ्याऐंशीपर्यंत कुठंही असू शकत होता. म्हणजे सत्तरच्या खालीही. बाबांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, मग पेरू की नको पेरू? मी म्हटलं, सांगता येत नाही. ते खूश झाले, म्हणजे बॅगच आणायची. तू म्हणालीस, "पास झालं का नाई, तेवढं सांग. बाकीचं तुह्यं तू ठेव."

सरांनीच वाट दाखवली. दाणे वाढवा, म्हणाले, चारशे घ्या. चौपट दाणे घेतले की शंका निम्मी होते, कारण ती दाण्यांच्या वर्गमुळाच्या हिशोबानं घटते. मी उड्या मारत तुला सांगायला आले, तर तू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिलीस. "चौपट काम अन् अर्धाच फायदा? हा कोन्ता हिशोब होय वं?" आता इतकी वर्षं शिकवतेय, पण वर्गमुळाबद्दल इतकी रास्त तक्रार दुसऱ्या कोणी केलेली नाही. तक्रार केलीस, आणि जुनं लुगडं टरकावून त्याच्या पट्ट्याही केल्यास. या खेपेला डोळे मिटून मुठी तूच काढल्यास आणि एकाही दाण्याकडे वाकून पाहिलं नाहीस. चुलीच्या खोलीत रांगेनं ओल्या गुंडाळ्या, पाय ठेवायला जागा नाही, बाबा ओलांडून जाताना पुटपुटताहेत, आणि तू दिवसातून कितीदा तरी पाणी शिंपडते आहेस. गुंडाळ्या सोडायची सकाळ उजाडली. तू मोजत होतीस, मी लिहीत होते, आणि बाबा खोटं खोटं काहीतरी शोधत तिथंच घुटमळत होते. चारशेत तीनशे दोन. मी तिथंच जमिनीवर बसून आकडेमोड केली, एकदा केली, पुन्हा केली. खरा आकडा एकाहत्तरच्या पुढे आणि ऐंशीच्या आत. अख्खाच्या अख्खा सत्तरच्या वर! मी ओरडलेच, "माय, पास झालं!" माय गं, मला बोर्डाच्या निकालालाही असा आनंद झाला नव्हता. तू उठलीस. उगवलेले कोंब पाटीत गोळा केलेस आणि गाईपुढे टाकून आलीस.

पेरणीच्या दिवशी मी मुद्दाम कॉलेज बुडवून वावरात आले होते. ट्रॅक्टरवाला पेरणीयंत्राच्या पेटीत बी ओतत होता. बाबा त्याच्याजवळ गेले आणि तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बियानं घरचं हाय, हिनं राखलेलं. चारातलं एखादं उगवनार नाई, जरा दाट पडू दे." तू धुऱ्यावर उभी होतीस आणि उगाचच दुसरीकडे बघत राहिलीस. सर त्यानंतर मला खूप काही शिकवून गेले, पण संख्याशास्त्र घ्यायचं हे मी त्या धुऱ्यावर ठरवलं. पुढं तू असेपर्यंत बॅगेचं नाव निघालं नाही. दर उन्हाळ्यात बाबाच विचारायचे, यंदा तपासायचं कधी?

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, कपाटात राहील. मात्र एक गोष्ट वर्गात कधी सांगत नाही, ती तुला सांगते. तू गेलीस त्या वर्षीच्या कट्ट्यातलं मूठभर बी मी स्टीलच्या डब्यात ठेवलंय. सोयाबीनचं बी एक-दोन हंगामांपलीकडे जगत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. तरी दर उन्हाळ्यात त्यातले थोडे दाणे ओल्या फडक्यात घालते. पहिल्या दोन उन्हाळ्यांनंतर एकही उगवलेला नाही. यंदाचं फडकं उद्या सकाळी सोडायचंय, आणि मला आत्तापासूनच दम निघत नाहीये.