बाजू संपेपर्यंत

३ ऑक्टोबर
आलो एकदाचा! चौथा मजला, लिफ्ट बंद, पाठीवर जड बॅग, आणि तरी बत्तिशी मिटत नव्हती. कारण मागच्या खोलीत भिंतभर रेकॉर्डी आहेत. चारशे बारा. सगळ्या बारा इंची, सगळ्या जर्मनीत निघालेल्या, नव्वद ते चौऱ्याण्णवमधलं टेक्नो आणि ट्रान्स, म्हणजे मशीनच्या ठोक्यांवर नाचायचं संगीत. ज्या काकांनी त्या जमवल्या ते मार्चमध्ये गेले. त्यांच्या बायकोशी, काकूंशी, सौदा सरळ आहे: मी तीन आठवडे इथे राहायचं, सगळ्या स्वच्छ करून यादी करायची, आणि बदल्यात मला हवी ती एक घेऊन जायची. कुठली, ते ठरलंय. पांढरं लेबल, नाव-गाव काही नाही, फक्त आतल्या कडेला हाताने कोरलेला एक आकडा. अकरा वर्षं मी तिच्या मागे आहे. ताई म्हणते, एवढा एखाद्या मुलीच्या मागे लागला असतास तर आज मला भाचरं असती. शिवाय हे संगीत तिला बिघडलेल्या वॉशिंग मशीनसारखं वाटतं. तिच्याशी कोण वाद घालणार?

माझे नियम दोनच. रेकॉर्ड फक्त कडेने धरायची. आणि एकदा सुई टेकवली की बाजू संपेपर्यंत उचलायची नाही. अर्ध्यात सुई उचलणाऱ्या माणसाला मी परत घरात घेत नाही.

५ ऑक्टोबर
रेकॉर्डी भलत्याच मळल्या आहेत. खाचांत पिवळट, करडं असं काहीतरी घट्ट बसलंय. पाण्याने निघेना, म्हणून जुनी युक्ती काढली. सुतारकामाचा पांढरा गोंद जाडसर पसरायचा. सकाळी लावला की चारपर्यंत वाळून पारदर्शक होतो. मग कडेला नख घालून हळूहळू ओढायचं. अख्खा गोल पापुद्रा निघतो, मधे भोक, आणि खाचांतली घाण सगळी त्याला चिकटलेली. खोटं कशाला बोलू, सोलायला मजा येते.

काकूंनी पापुद्रे फेकू दिले नाहीत. एकेकाची हलक्या हाताने घडी घालून आत घेऊन गेल्या. असतो एकेकाचा छंद. मला बोलायला तोंड कुठे आहे?

८ ऑक्टोबर
आज एक पापुद्रा खिडकीच्या उजेडात धरला. ती धूळ नाही. खवले आहेत. एकात नखाचा तुकडा होता, दुसऱ्यात भुवईचा केस, मुळासकट.

काकूंना विचारलं तर भाजी निवडता निवडता निवांत म्हणाल्या की यांना शेवटची दोन वर्षं कातडीचा आजार होता, अंगाची सालं निघायची, पण त्या खोलीतून उठतील तर शपथ. दिवसभर रेकॉर्डींवर ओणवे होऊन बसायचे.

म्हणजे चार दिवस मी एका मेलेल्या माणसाचं अंग सोलतोय आणि त्याच हातांनी जेवतोय. बेसिनवर जाऊन सगळं ओकलो. साबण लावून लावून हात लाल केले तरी नखांत एक आंबूस वास आहेच. आजच निघायला हवं होतं. पण ती रेकॉर्ड शेवटी द्यायचं ठरलंय, आणि माझी हाव मला ठाऊक आहे.

११ ऑक्टोबर
गोंद वाळेपर्यंत बसून कंटाळा आला. शाळेत करायचो तसा उजव्या तळहातावर, बोटांवर थोडा लावला. छान निघाला, रेषांसकट. टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलो. परत येतो तर नाही.

काकूंच्या खोलीतलं कपाट उघडं होतं. बघायला नको होतं. हँगरवर एक अंग लटकत होतं. पापुद्रे जोडून शिवलेलं. छाती, पाठ, पाय, सगळं, बारीक सुरेख टाक्यांनी. जिथे तिथे ती गोल भोकं. नासलेलं दूध आणि घामट बनियन असा वास. उजव्या मनगटाला माझा तळहात. सुई अजून तिथेच लोंबत होती.

तोंडाची जागा मोकळी. काकू मागून म्हणाल्या की यांचं तोंडच तेवढं कुठल्या रेकॉर्डीत उतरलं नाही. आवाजात नुसती माया. मला शिसारी आली.

१२ ऑक्टोबर
फोन अंगठ्याने उघडेना. हात उजेडात धरला. अंगठा गुळगुळीत. तळहातावर एक रेष नाही. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा. पेन निसटतं — डाव्या हाताने लिहितोय.

१३ ऑक्टोबर, दुपार
काकू स्वयंपाकघरात, भांडी वाजतायत. तरी मागच्या खोलीत रेकॉर्ड लागली. गेलो. कोणी नाही. फिरत्या रेकॉर्डीवर पंजाचा ओला ठसा. लहानपणी काच लागलेली, तो व्रण त्यात आहे. माझा पंजा —

कपाट उघडं. हँगर रिकामा.

फोन आकडे घालून उघडला. ताईला माझ्याकडून निरोप गेलाय. इथेच राहतोय, वाट बघू नकोस. मी लिहिलेला नाही. त्याला आता माझा अंगठा —

१४ ऑक्टोबर, सकाळ
बॅग भरली. बूट चढवले. रेकॉर्ड गेली खड्ड्यात. काकूंनी अडवलं नाही. फक्त ती लावली. पांढऱ्या लेबलची. म्हणाल्या, तुझीच आहे, ऐकून तरी जा.

अकरा वर्षं. एकच बाजू. संपली की उठतो.

१४, नंतर
शेवटची खाच स्वतःलाच जोडलेली आहे. सुई तिथल्या तिथे फिरतेय. तोच ठोका. तोच. बाजू संपत नाही.

उचलायला हवी. कधीच उचललेली नाही — हात पुढे होत नाही —

काकूंनी गोंद आणला. गार. कपाळावर, गालांवर. म्हणतात, हलू नकोस, सुरकुती पडेल. चारपर्यंत वाळेल.

समोर तो बसलाय. मांडी घालून. तोंड नाही, तरी माझ्याकडेच — वास — ओकारी येतेय, ओठ उघडत नाहीत —

गाल आवळले. चार वाजले. काकूंनी कानापाशी नख घातलं. बाजू संपली की मी